दुसऱ्या वळणावरचं स्टूल

सोमवार, ४ ऑगस्ट

सहा तास झाले. सातवी ब ला लसावि, आठवी अ ला समीकरणं. दुपारी एक बदली तास. येताना दूध, पाव, अंडी. लेकीने गृहपाठ केला. साडेआठला जेवलो.

ही वही शाळेच्या कारकुनांनी दिली. दर वर्षी आम्हा शिक्षकांना टाचणवही मिळते. कोणत्या तासाला काय शिकवलं ते तिच्यात रोज लिहायचं असतं. हिची, म्हणजे माझ्या बायकोची, या वर्षीची वही आधीच छापायला गेली होती. वर हिचं नाव, खाली ‘विषय : विज्ञान’. कारकून म्हणाले, "सर, फेकवत नाही. तुम्हीच ठेवा." माझी वेगळी आहे, त्यामुळे ही कोरीच राहिली असती. दिनांक, तास, घटक, शेरा असे चार रकाने आहेत. मी रकाने सोडून आडवं लिहितो आहे. एकवीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच.

ही गेली त्याला आज पाच महिने झाले.

हिच्या जागी जूनपासून नवीन बाई आल्या आहेत. विज्ञानाची पदवी आहे, पण आधी चार वर्षं एका नाटक मंडळीबरोबर फिरत होत्या म्हणे. वय सत्तावीस-अठ्ठावीस. शिक्षकखोलीत अकरा खुंट्या आहेत, त्यातल्या तीन रिकाम्या. यांची पिशवी नेमकी हिच्या खुंटीला.

शिपाईमामांनी विज्ञानाच्या खोलीतल्या कपाटाची किल्ली आज पुन्हा मागितली. सापडत नाही असं सांगितलं. जूनमध्येही तेच सांगितलं होतं. किल्ली माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे. त्या कपाटात हिने एकेक वस्तू हाताने लावली आहे, प्रत्येकीवर हिच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. कुणीतरी येऊन ते उलटसुलट करावं असं मला वाटत नाही. एवढंच.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर हिच्यासाठी ठेवलेलं लाकडी स्टूल अजून तिथेच आहे. खालच्या आजी म्हणाल्या, "मास्तर, ते काढा हो. माझ्या पायात येतं." म्हटलं, उद्या काढतो.

गुरुवार, ७ ऑगस्ट

जेवताना लेक बोलली.

"बाबा, बाई म्हणाल्या, पचनसंस्था म्हणजे एक लांबच लांब बोळ. मग आम्ही दोन रांगा केल्या आणि मॉनिटर घास झाला. त्याला आम्ही ढकलत ढकलत नेलं. पण बाई म्हणाल्या, लहान आतड्यात घाई करायची नाही. तिथे त्याचे खिसे रिकामे करायचे."

"खिसे?"

"म्हणजे पोषक द्रव्यं काढून घ्यायची. बाईंनी त्याच्या खिशात गोळ्या भरल्या होत्या. मी दोन काढल्या."

"आणि शेवटी?"

"शेवटी काय, बाबा! शेवटी तो दाराबाहेर!" आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

तोंडात घास असताना हसू नये, असं मी म्हणालो. मग ती हसली नाही.

‘बाई’ हा शब्द चौदा वेळा आला. ‘बाबा’ तीन वेळा, त्यात एकदा मीठ हवं होतं म्हणून.

लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे. आई-बाप शिकवतात त्याच शाळेत मूल असलं की त्याला घरी एक नाव आणि शाळेत एक लागतं. मी शाळेत ‘सर’. ही शाळेत ‘बाई’. लेक दप्तर उतरवताना कधी चुकून घरातही ‘बाई, भूक लागली’ म्हणायची आणि मग दोघी हसत बसायच्या. मी वर्तमानपत्र वाचत असे. जूनमध्ये या होत्या ‘नवीन बाई’. आता नुसत्या बाई. ‘नवीन’ कधी गळलं ते माझ्या लक्षात आलं नाही.

मंगळवार, १२ ऑगस्ट

जिल्हा पातळीवरच्या सभेहून दुपारी शाळेत परतलो. माझ्या सातवी ब मधून, लेकीच्याच वर्गातून, टाळ्यांचा आणि पाय आपटण्याचा आवाज येत होता. बदली तासाला नवीन बाई गेल्या होत्या. अर्धा वर्ग दर तिसऱ्या आकड्याला टाळी वाजवत होता, अर्धा दर चौथ्या आकड्याला पाय आपटत होता. बाई नुसतं मोजत होत्या. बाराला टाळी आणि पाय एकत्र आले आणि सगळा वर्ग ओरडला.

"परत कधी येतील एकत्र?" बाईंनी विचारलं.

शेवटच्या बाकावरचा, ज्याला आम्ही सगळे कुंभकर्ण म्हणतो, तो उभा राहिला. "चोवीसला! मग छत्तीसला! मग... बाई, हे तर संपतच नाही!"

त्याला मी तीन आठवडे लसावि शिकवतो आहे. त्याचा आवाज मी आज ऐकला.

बाई बाहेर आल्या. "सर, तुमच्या विषयात लुडबुड झाली. मुलं कंटाळली होती."

"ठीक आहे."

"कधीतरी आपण दोघं मिळून अपूर्णांक घेऊ या का? तालात फार छान बसतात."

"अपूर्णांक वहीत बसतात," मी म्हणालो.

चित्रकलेचे सर तिथेच होते, ते मोठ्याने हसले. मला विनोद करायचा नव्हता. डबा खाताना त्यांनी तो पुन्हा सांगितला. वर म्हणाले, "सर, जपून. एक दिवस आपल्या तिघांना काटकोन त्रिकोण करून नाचवतील. कर्ण तुम्ही व्हा, तुम्हीच सगळ्यांत लांब." इतिहासाच्या बाई तर नवीन बाईंच्याच गोटात गेल्या आहेत. त्यांनी वर्गात खटला उभा केला आणि एका राजाला लढाई हरल्याबद्दल आरोपी केलं. वकील मुलींनी धडा पाठ करून आणला होता म्हणे, न सांगता.

साथ पसरते तसं चाललं आहे. ही एकोणीस वर्षं शिकवत होती. हिच्या वर्गाचा निकाल कधी पंच्याण्णव टक्क्यांच्या खाली आला नाही. हिला कधी कुणाला नाचवावं लागलं नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट

साधा दिवस. सहा तास. स्टूल राहिलं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सातवीला या आठवड्यात रक्ताभिसरणाचा धडा सुरू झाला. मागच्या वर्षी हिने हा धडा दोन तासांत उरकला होता. एरवी एकेका धड्याला आठवडा घेणारी. मी विचारलं नव्हतं.

विज्ञानाच्या खोलीतले बाक भिंतीला लावले आहेत आणि फरशीवर खडूने एक प्रचंड हृदय काढलं आहे. चार कप्पे, एकेकात दहा मुलं मावतील एवढे. एका कोपऱ्यात फुप्फुसं. शिपाईमामा मला दारातच भेटले. "सर, तीन दिवस झाडू मारू देत नाहीत. चपला बाहेर काढा म्हणतात. मला म्हणाल्या, मामा, उजव्या कप्प्यातून जाऊ नका, तिकडून उलटं येता येत नाही. आता मी कचरा कुठून काढू?"

"पुसून टाका," मी म्हणालो.

"मुलं मला खातील," ते म्हणाले आणि गेले.

बहुतेक मुलं रक्त झाली आहेत. हातात निळं कार्ड घेऊन आत येतात, फुप्फुसात जाऊन लाल घेतात, पुन्हा हृदयात येतात आणि मग अंगभर, म्हणजे व्हरांडाभर पळतात. मॉनिटर आणि कुंभकर्ण खालच्या डाव्या कप्प्यात उभे राहून सगळ्यांना बाहेर ढकलतात. माझी लेक झडप आहे. वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधल्या दारात ती आणि तिची मैत्रीण समोरासमोर उभ्या असतात. रक्त पुढे गेलं की दोघींनी हात धरून दार बंद करायचं. एवढंच काम.

झडप या शब्दाशी क्षणभर अडखळलो. पण ते वेगळं. मला राग आला तो कामाचा. बाकीची मुलं पळतात, ओरडतात, आणि हिच्या मुलीला, हिच्याच खोलीत, दाराशी उभं करून ठेवलं आहे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

मधल्या सुट्टीत नवीन बाईंना गाठलं. आवाज चढू दिला नाही.

"माझ्या मुलीला दाराचं काम का दिलंत?"

"मी नाही दिलं, सर. पहिल्या दिवशी सगळी मुलं रक्त व्हायला धावली, पळायला मिळतं म्हणून. ती म्हणाली, मला झडप करा. तीही डावीकडचीच हवी म्हणाली."

"डावीकडची का?"

त्यांनी हातातला खडू खाली ठेवला. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"मला काय माहीत असणार? मी गणित शिकवतो."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही, हे बरं झालं. परक्या माणसाने फार विचारू नये.

लेकीला हिचं दुखणं दमा म्हणून सांगितलेलं आहे. आम्ही दोघांनी ठरवून. वार्षिक परीक्षा झाली की खरं काय ते सांगू, असं ही म्हणाली होती. परीक्षेच्या आधीच सगळं झालं. त्यानंतर सांगण्याचं कारण उरलं नाही.

आजींनी आज पुन्हा टोकलं. "मास्तर, तुमचा उद्या उगवायचा कधी?"

शुक्रवार, २९ ऑगस्ट

तिसरा तास मोकळा होता. हजेरीपट हातात घेऊन विज्ञानाच्या खोलीच्या खिडकीशी उभा राहिलो. हजेरीपट हातात असला की कुणी विचारत नाही.

"थांबा! मागे नाही! मागे नाही यायचं!" असा आवाज आला. तो माझ्या लेकीचा होता. एवढा मोठा आवाज तिच्याकडे आहे हे मला ठाऊक नव्हतं. रक्त झालेली मुलं तिच्यापुढे थबकली. एकाने तिच्या हाताखालून निसटायचा प्रयत्न केला तर तिने त्याचा कान पकडला. सगळे हसले, तीही हसली.

मग तिने विचारलं, "बाई, झडप नीट मिटली नाही तर?"

बाई म्हणाल्या, "करून बघू या."

दोघींनी हात सैल धरले. मॉनिटर आणि कुंभकर्ण यांनी ढकललं की निम्मी मुलं बाहेर, निम्मी फटीतून परत वर. वरून नवी मुलं येतच होती. त्याच मुलांना पुन्हा पुन्हा ढकलावं लागत होतं. आधी फार हशा झाला. हळूहळू कमी झाला. कुंभकर्ण गुडघ्यांवर हात टेकून म्हणाला, "बाई, दम लागला. बसू का?"

कुणीतरी म्हणालं, "हृदय बसतं का रे?"

लेक सैल हात तसेच धरून उभी होती. बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. मी घड्याळ पाहिलं, दोन मिनिटं होती. माझ्या मुलीच्या पाठीवर हात ठेवायचा तर मला काही कारण लागतं. पास झाली, ताप आला, असं. या बाईंना लागलं नाही.

घरी आल्यावर विचारलं, "आज विज्ञानाला काय झालं?"

"धडा झाला," ती म्हणाली.

शेरा : माझ्याकडे दोन शब्द.

गुरुवार, ४ सप्टेंबर

घटक चाचणी संपली. आमच्या शाळेत ज्याने शिकवलं त्याने ते पेपर तपासायचे नाहीत अशी रीत आहे. अदलाबदल होते. सातवी ब चं विज्ञान माझ्याकडे आलं. विषय माझा नाही, पण मोठ्या बाई म्हणाल्या, "एकोणीस वर्षं घरात विज्ञानाचे पेपर बघितलेत सर, तुम्हालाच जमेल." मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. स्वतःच्या मुलाचा पेपर मात्र आई-बापाने तपासायचा नाही, तो मोठ्या बाईंकडे जातो. म्हणून चाळीसपैकी एकोणचाळीस.

पूर्वी ही टेबलाच्या त्या बाजूला बसून तपासायची आणि मी या बाजूला बेरजा करायचो. हिची बेरीज कच्ची होती. आज दोन्ही बाजू मीच.

चौथा प्रश्न : ‘हृदयातील झडपांचे कार्य स्पष्ट करा.’ गुण चार. पहिलाच पेपर उघडला तर, ‘मी रक्त आहे. मी निळं कार्ड घेऊन आले.’ दुसरा, ‘मी उजवा कप्पा आहे आणि मला भिंती पातळ आहेत कारण माझं काम जवळचं आहे.’ एकाने लिहिलं होतं, ‘मला परत वर जायचं होतं पण डावीकडची झडप फार कडक आहे, कान पकडते.’ एकतीस जणांनी ‘मी’ लिहिलं आहे. एकतीस.

एकतीस वेळा शून्य दिलं. शेरा, ‘भाषा शास्त्रीय नाही.’ एकतीस वेळा. ही असती तर हिनेही हेच केलं असतं. बहुधा.

लेक समोर अभ्यास करत होती. "आमचे आहेत का?"

"तुझा नाही."

"सगळ्यांनी चौथा कसा लिहिलाय?"

"पेपरांविषयी घरात बोलायचं नाही."

ती वही मिटून आत गेली. मला खरं सांगायचं तर तपासताना बरं वाटत होतं. लिहायला लाज वाटते, पण वाटत होतं. लाल पेन नवं होतं.

सोमवार, ८ सप्टेंबर

गुण वाचून दाखवले. सातवी ब विज्ञानात शाळेत शेवटची. शिक्षकखोलीत चित्रकलेच्या सरांनीही विनोद केला नाही.

शाळा सुटल्यावर नवीन बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन माझ्यासमोर बसल्या.

"सर, उत्तरं चुकली आहेत का?"

"मजकूर नाही. लिहिण्याची रीत."

"मग अर्धे तरी गुण..."

"विज्ञानात ‘मी’ नसतो, बाई. रक्त बोलत नाही."

त्यांनी गठ्ठ्याच्या कडा सारख्या केल्या. मला वाटलं रडतील. रडल्या नाहीत.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "भूमिकेतून बाहेर येऊन कसं लिहायचं, तो शेवटचा तास मी घ्यायला हवा होता. घाईत राहिला. पण एक सांगते. हे सगळं मी हौसेने नाही मांडलं, म्हणजे सगळं हौसेने नाही. त्या कपाटात हृदयाची प्रतिकृती आहे ना? काचेतून दिसते. चार कप्पे उघडणारी, चिठ्ठ्या लावलेली. जूनपासून किल्ली मागते आहे. ती मिळाली असती तर मुलांच्या हातात तीच दिली असती. मिळाली नाही, म्हणून मुलांनाच उभं केलं."

बॅग माझ्या मांडीवर होती.

"शोधतो," मी म्हणालो.

मंगळवार, ९ सप्टेंबर

लेक शाळेतून आली ती थेट आत गेली. जेवायला आली नाही. दोनदा बोलावलं.

कारण संध्याकाळी कळलं. तिनेही चौथं उत्तर ‘मी’ म्हणूनच लिहिलं होतं. तिचा पेपर मोठ्या बाईंनी तपासला आणि चारपैकी चार दिले. म्हणजे वर्गात ‘मी’ लिहून गुण मिळालेली ती एकटी, आणि तपासणारा मी, असं मुलांना दिसतं. फळ्यावर कुणीतरी ‘सरांची झडप’ असं लिहिलं होतं. बाईंनी ते पुसलं, पण तिच्या मैत्रिणीने तिचा हात धरायला नकार दिला. झडप आता दुसरं कुणीतरी आहे. ती बाकावर बसून होती.

दाराबाहेरून म्हणालो, "अगं, मी तुझा पेपर तपासला नाही. मी तो पाहिलासुद्धा नाही."

आतून म्हणाली, "तेच तर."

याचा अर्थ लागला नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

मोठ्या बाईंनी बोलावलं.

"बसा सर. एकतीस पालकांपैकी सात येऊन गेले. तुमच्याविषयी वाईट बोलले, मी ऐकून घेतलं. पेपर पुन्हा तपासा असा मी हुकूम काढू शकते. काढत नाही. आधी हे वाचा."

लेकीचा पेपर होता.

"हा मला बघायची परवानगी नाही," मी म्हणालो.

"तपासून झालाय. आता तुम्ही बाप म्हणून बघा. मी चहा सांगून येते." त्या बाहेर गेल्या. चहा शिपाईमामा आणतात, मोठ्या बाईंना त्यासाठी कधीच बाहेर जावं लागत नाही.

उत्तर इथे उतरवून ठेवतो.

‘मी डावीकडची झडप आहे. मी वरचा कप्पा आणि खालचा कप्पा यांच्या मध्ये असते. रक्त पुढे जाऊ द्यायचं आणि मागे येऊ द्यायचं नाही हे माझं काम आहे. मी मिटते तेव्हा आवाज होतो, डॉक्टर तो ऐकतात. मी नीट मिटले नाही तर थोडं रक्त मागे येतं. मग हृदयाला तेच रक्त पुन्हा ढकलावं लागतं. ते जास्त काम करतं पण कुणाला सांगत नाही. ते फक्त मोठं होत जातं. तेव्हा माणसाला दम लागतो, पण तो दमा नसतो. जिना चढताना मध्ये बसावं लागतं. बसल्यावर तो माणूस म्हणतो, तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.’

जिना पुस्तकात नाही. मी धडा तपासणीसाठी तीनदा वाचला होता. पुस्तकात हृदयाची आकृती आहे, चार बाण आहेत, जिना कुठेच नाही.

चहा आला. प्यालो की नाही ते आठवत नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मी चार दिले कारण गुण चारच होते."

गुरुवार, ११ सप्टेंबर

एकतीस पेपर पुन्हा तपासले, हिरव्या पेनाने. तेवीस जणांना चारपैकी तीन ते चार. सहा जणांना दोन. दोघांना खरंच शून्य, त्यांनी रक्त होऊन सहलीला गेल्याचं लिहिलं होतं. कान पकडणाऱ्या झडपेवाल्याला साडेतीन. वर्गात उभं राहून सांगितलं की पहिली तपासणी माझी चूक होती, आणि झडपेचा पेपर माझ्याकडे आलाच नव्हता. कुंभकर्ण म्हणाला, "सर, चूक कोणत्या कप्प्यात झाली?" मुलं हसली. मी थांबवलं नाही.

किल्ली नवीन बाईंच्या टेबलावर ठेवली. "सापडली," म्हणालो. "चिठ्ठ्या काढू नका."

"नाही काढणार," त्या म्हणाल्या. कुठे सापडली ते विचारलं नाही. त्या गोष्टीचाही मला थोडा राग आला. माणसाने इतकं बरं वागू नये.

जेवताना लेकीला म्हणालो, "दमा नव्हता."

"माहितेय."

"कधीपासून?"

"दमा असलेल्यांकडे पंप असतो. आमच्या वर्गात एकाकडे आहे, तो दप्तरात ठेवतो. आईकडे कधीच नव्हता." तिने भात बोटाने सारखा केला. "मला वाटायचं, तुम्हालाच माहीत नाही. म्हणून मी सांगत नव्हते."

मग मी सांगितलं. पहिल्यांदा कधी कळलं, डॉक्टर काय म्हणाले, शस्त्रक्रियेची तारीख कोणती होती, आणि ती का गाठता आली नाही. तिने प्रश्न विचारले. काहींची उत्तरं मला येत नव्हती, तेही सांगितलं. ताटं वाळली. एकूण किती वाक्यं झाली ते मोजलं नाही.

शनिवार, १३ सप्टेंबर

अर्धा दिवस. तीन तास झाले. आठवीला समीकरणं संपली.

पालकांसमोर दाखवायच्या हृदयाच्या खेळाची सातवी ब ची तालीम होती म्हणून लेक शाळेतच थांबली. झडप पुन्हा तिच्याकडे आली आहे. मैत्रिणीने हात धरला, पण आधी तिच्या गोळ्या खाल्ल्या म्हणे. सकाळी डबा भरताना ‘बाई’ नऊ वेळा झालं. अजून खुपतं. कमी होईल असं वाटलं होतं, झालेलं नाही. खिडकीतून पाहिलं तेव्हा बाई प्रतिकृती हातात धरून मुलांना दाखवत होत्या. चिठ्ठ्या जागेवर होत्या. लेक हिच्या अक्षरातलं मोठ्याने वाचत होती. मी हजेरीपट नेला नव्हता, त्यामुळे फार वेळ थांबलो नाही.

येताना दूध आणि अंडी घेतली. जिना चढताना कठड्यावर बोटं वाजत होती, तीन आणि चार, बाराला एकत्र. आजींचं दार बंद होतं.

दुसऱ्या वळणावर पिशवी खाली ठेवली आणि स्टुलावर बसलो. मला दम लागलेला नव्हता. या स्टुलावर मी कधी बसलो नव्हतो. ही बसायची, लेक शेजारी पायरीवर थांबायची आणि मी सगळ्या पिशव्या घेऊन पुढे जायचो, दार उघडून उभा राहायचो. उशीर होतोय असं मला वाटायचं. इथे बसलं की कठड्याच्या गजांमधून आमचं दार समोर दिसतं, हे मला माहीत नव्हतं. दारात उभं असलेलं माणूसही दिसत असणार.

थोडा वेळ बसलो. पिशवीतली अंडी पाहिली, फुटली नव्हती. उठून उरलेल्या सोळा पायऱ्या चढलो, कुलूप काढलं आणि दूध तापत ठेवलं.